क्ष आणि क्ष-शेपूट

१

बाईंना गणितातलं ओ की ठो कळत नसे, आणि तरी गेली एकतीस वर्षं त्या गणितच टाइप करत होत्या. प्रबंध, क्रमिक पुस्तकं, प्रश्नपत्रिका, परिषदांसाठीचे निबंध. हस्तलिखित यायचं, बाई समोरच्या खोलीत खिडकीकडे पाठ करून बसायच्या आणि ते संगणकावर चढवायच्या. समीकरणाची चौकट उघडायची, भागाकाराची आडवी रेघ आधी मांडायची, तिच्या वरखाली रिकामे चौकोन येतात ते भरायचे, घातांक वर चढवायचा, पादांक खाली उतरवायचा, कंस आतल्या मजकुराएवढे उंच ताणायचे. समीकरण एका ओळीत मावलं नाही तर ते नेमकं कुठे मोडावं, हे त्यांना ते लिहिणाऱ्या प्राध्यापकापेक्षा बरं कळायचं, आणि तसं त्या प्राध्यापकाला सुनवायलाही त्या कमी करत नसत.

चिन्हांना त्यांच्या घरात घरची नावं होती. लांबुडका वळणदार एस म्हणजे आकडा. लोळणारा आठ म्हणजे आडवा आठ. उलटा ए, आरशातला ई, आडवा एम, टोपी, लाट, काटा. अक्षराच्या डोक्याशी बारीक तिरकी रेघ असली की ती शेपूट. म्हणजे एक क्ष, आणि दुसरा क्ष-शेपूट. या सगळ्यांचे अर्थ काय, हे बाईंनी कधी विचारलं नाही आणि नवरोबांनी कधी सांगितलं नाही, कारण त्यांनाही ते ठाऊक नव्हते. नवरोबा एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. मूळ प्रत आणि छापलेली प्रत शेजारी शेजारी ठेवायची आणि दोन्हींतला फरक हुडकून काढायचा, हेच त्यांनी आयुष्यभर केलं. छापखाना बंद पडल्यावर ते घरच्या कामाला जुंपले गेले.

काम दोघांचं असे. नवरोबा मूळ प्रत मोठ्यानं वाचायचे, बाई छापलेल्या कागदावर बोट फिरवायच्या आणि ओळ जुळली की ‘हं’ म्हणायच्या. ‘हं’च. ‘बरोबर’ म्हणायला बंदी होती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी नवरोबा शेजारी बसून मजकूर सांगत होते आणि ओळ पडद्यावर नीट उमटली की खुशीत ‘बरोबर’ म्हणत होते. बाई बिचाऱ्या इमानानं प्रत्येक वेळी बरोबरचं चिन्ह टाकत गेल्या. चौदा पानं, प्रत्येक ओळीच्या शेवटी बरोबर, आणि बरोबरच्या पुढे काही नाही. दुसऱ्या दिवशी लेखक महाशय कागद नाचवत दारात उभे. “बाई, कशाच्या बरोबर ते तरी सांगा!” नवरोबा हसून हसून जमिनीवर बसले होते. मग ती चौदा पानं त्यांनीच एका बैठकीत निस्तरली. तेव्हापासून या घरात बरोबर म्हणजे फक्त दोन आडव्या रेघा.

पाच आठवड्यांपूर्वी नवरोबा जिन्यावर घसरले आणि खुब्याचं हाड मोडून घेतलं. शस्त्रक्रिया झाली. दोन महिने पाय जमिनीला टेकवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणून आता ते आतल्या खोलीत बिछान्यावरून वाचायचे आणि बाई बाहेरून ‘हं’ म्हणायच्या. मधलं दार लोटलेलं असे, कारण आतल्या खिडकीतून वारा यायचा आणि सुटे कागद उडायचे. आवाज मात्र स्वच्छ ऐकू यायचा.

बाईंचा या माणसावर फार जीव होता. हे त्या तोंडानं कधी म्हणाल्या नसत्या. पण शस्त्रक्रियेच्या दिवशी दवाखान्यातल्या बाकावर बसून त्यांनी पाच तास काढले, तेव्हा त्यांच्या मनात एकच विचार घोळत होता: हा माणूस गेला तर मी ‘हं’ कोणाला म्हणू?

२

गणिताचे एक सर सोमवारी हस्तलिखित घेऊन आले. निवृत्तीला टेकलेले, बोलायला गोड, आणि प्रत्येक दुसऱ्या वाक्याला ‘समजा’ म्हणायची खोड. पानं बावीस होती, अक्षर मोत्यासारखं.

“कशावर आहे हो?” बाईंनी सवयीनं विचारलं. उत्तर कळणार नाही याची खात्री असली की विचारायला भीड वाटत नाही.

“एका क्षवर. तसा क्ष एकच आहे, हे मी सिद्ध केलंय.”

“एकच आहे, एवढं सांगायला बावीस पानं?”

सर हसले. “सांगायला नाही, पटवायला. समजा, तसे दोन आहेत. एक क्ष, दुसरा क्ष-डॅश. सुरुवातच तिथून करायची. मग दोघांनाही तपासत जायचं, पायरीपायरीनं. शेवटच्या ओळीत निघतं, की दोन्ही एकच.”

“म्हणजे नसलेला दुसरा आधी घरात आणायचा आणि मग हाकलायचा.”

“वा! मला नसतं इतकं छान सांगता आलं.”

“आणि जातो कोण? नवा का जुना?”

“बाई, गणितात तो प्रश्नच येत नाही. दोन्ही एकच असतात की!”

“तुमचं बरं आहे,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी पानं मोजून घेतली. शुक्रवारी चार वाजता छापील प्रत द्यायची ठरली.

सर जिना उतरले तसे आतून नवरोबा ओरडले, “काय गं, दोन नवरे मिळाले तर कोणता ठेवशील?”

“दोन्ही खुबे धड असलेला,” बाईंनी सुनावलं.

३

बुधवारी जेवणं आटोपली, नवरोबांनी दुखण्यावरची गोळी घेतली. बाईंनी आठ ते अकरा ही पानं छापून काढली, मूळ कागद बिछान्याशेजारच्या तिवईवर ठेवले, दार लोटलं आणि त्या बाहेर येऊन बसल्या. थोड्या वेळानं आतून वाचन सुरू झालं.

“पान आठ. समजा, क्ष काटा ग.”

“हं.”

“क्ष-शेपूट काटा ग.”

“हं.”

पान आठ झालं, नऊ झालं. बोट चालत होतं, ओळी जुळत होत्या. बाईंच्या डोक्यात रात्रीच्या भाजीचा विचार चालू होता.

“अस्तित्वात आहे असा एक क्ष.”

“हं,” बाई म्हणाल्या. आणि मग बोट थांबलं.

बोटाखाली आरशातला ई होता आणि त्याच्यापुढे क्ष. ओळ तर जुळत होती. पण नवरोबा ‘आरशातला ई’ म्हणाले नव्हते.

“प्रत्येक क साठी,” आतून पुढची ओळ आली. कागदावर उलटा ए होता.

“कुठे शिकलात हो एवढं?” बाई ओरडल्या.

घसा खाकरल्याचा आवाज आला, पान उलटल्याचा आला, आणि वाचन पुढे चालू झालं. आवाज त्यांचाच होता, त्यात काडीची शंका नव्हती. किंचित नाकातला, ओळीच्या शेवटी खाली उतरणारा. ‘शेपूट’ हा शब्द आला की त्यात बारीकसं हसू मिसळणारा. क्ष ग चा घटक आहे, क्ष-शेपूट ग चा घटक आहे. शेपूट तेवढं घरचं ठेवलं होतं, बाकी सगळं शाळेतल्या गुरुजींसारखं चाललं होतं.

बाईंनी अकराव्या पानाच्या शेवटापर्यंत मुकाट्यानं ‘हं’ म्हटलं.

पाच वाजता त्या चहा घेऊन आत गेल्या, तर नवरोबा डोळे चोळत होते.

“अगं, आज वाचायचं राहिलंच. त्या गोळीनं मेल्यासारखी झोप लागली. मला उठवलं का नाहीस?”

तिवईवर चारही पानं पालथी घातलेली होती. वाचून झालेली पानं नवरोबा अशीच पालथी घालून ठेवत.

४

बाई काही घाबरल्या नाहीत. त्या चिडल्या. हा माणूस सोंगाड्या होता, हे त्या जाणून होत्या. एका लग्नात त्यानं लांबच्या आत्याबाईंसमोर बहिरेपणाचं सोंग तासभर वठवलं होतं, आणि आत्याबाई बिचाऱ्या आवाज चढवून चढवून घसा बसवून घेऊन गेल्या. पाच आठवडे बिछान्याला खिळलेल्या माणसाला दुसरं करायला काय होतं? मोबाइलवर चिन्हांचे अर्थ शोधून पाठ केले असतील, दुसरं काय.

त्यांनी गुपचूप नवरोबांचा मोबाइल तपासला. त्यात बातम्या होत्या, बुद्धिबळाचा एक अर्धवट डाव होता, आणि खुब्याचं हाड किती दिवसांत जुळतं, हा प्रश्न सात वेळा विचारलेला होता. तो पाहून बाईंना गलबलून आलं. चिन्हांचं नावसुद्धा कुठे नव्हतं.

मग संशय व्यायामवालीवर गेला. पाय हलवायला शिकवणारी ती बाई सकाळी यायची आणि दहाला जायची. दुपारी ती असण्याचं काही कारण नव्हतं, आणि ती पुरुषाच्या आवाजात कशी बोलेल, हा प्रश्न बाईंना जरा उशिरा सुचला. सरांनी येऊन शिकवलं म्हणावं तर दार बाईंच्या डोळ्यांसमोर होतं. खिडकीचे गज जागच्या जागी होते, ते बाईंनी एक एक हलवून पाहिले.

“काय शोधतेयस?” नवरोबांनी विचारलं.

“खरं सांगा. दुपारी तुम्ही वाचलंत की नाही?”

“नाही गं.”

“माझी थट्टा करताय.”

“तुझी शपथ,” ते म्हणाले.

थट्टेत हा माणूस कशाचीही शपथ घ्यायचा, अगदी शेजाऱ्यांच्या मांजरीचीसुद्धा. पण बाईंची कधी घेत नसे. त्यांच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

५

गुरुवारी बाईंनी सापळा लावला. मूळ कागद त्यांनी आत नेलेच नाहीत. ते त्यांच्याच मांडीवर होते. आत तिवईवर फक्त कालचं वर्तमानपत्र ठेवलं.

“आज वाचायचं नाही. गोळी घ्या आणि झोपा,” त्या म्हणाल्या. नवरोबांनी लहान मुलासारखी मान डोलावली. बाईंनी त्यांचा चष्मा काढून उशीजवळ ठेवला, दार लोटलं आणि बाहेर येऊन कान टवकारून बसल्या.

अडीच वाजले. मोरीतला नळ ठिबकत होता. खालच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची सरकवली. आपण वेडगळपणा करतोय, असं बाईंना वाटायला लागलं आणि त्यांना हायसं वाटलं.

“पान बारा,” आतून आवाज आला.

बाईंनी मांडीवरच्या कागदाकडे पाहिलं.

“समजा, क्ष आणि क्ष-शेपूट वेगळे आहेत.”

पानावर तेच होतं. पुढे स्वल्पविराम होता, तोही आवाजानं वाचला. बाई ‘हं’ म्हणाल्या नाहीत. आवाज थांबून राहिला. एखादं मिनिट गेलं असेल. मग घसा खाकरला गेला आणि तीच ओळ पुन्हा आली, जरा चढ्या सुरात, समोरच्याला नीट ऐकू आलं नसावं अशा समजुतीनं.

बाई तरीही गप्पच.

तिसऱ्यांदा ती ओळ दाराच्या बरीच जवळून आली.

“हं,” बाई पटकन म्हणाल्या. आवाज मागे सरला आणि पुढची ओळ वाचू लागला.

पान तेरा, पान चौदा. मूळ कागद त्यांच्या मांडीवर, आणि त्यातलं अक्षर न अक्षर दाराआडून येत होतं. तोंडपाठ केलं असेल, बाई स्वतःला सांगत होत्या. सोमवारी रात्रभर सगळं हस्तलिखित नवरोबांच्या उशाशी होतं, मुद्रितशोधकाची नजर आहे, करू शकतो तो पाठ. हा तर्क त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवला. पंधराव्या पानावर मात्र तो सुटला, कारण तिथे त्यांना वाचणाऱ्या आवाजाच्या खालून दुसरा आवाज ऐकू आला. घोरण्याचा. आत ओढताना घरघर, बाहेर सोडताना ओठांची फुर्रर. एकतीस वर्षं त्या घोरण्यानं त्यांची झोपमोड केली होती, ते त्या हजारांत ओळखतील. वाचनही त्यांच्या ओळखीचं होतं. पण ही दोन्ही एका वेळी त्यांनी कधी ऐकली नव्हती.

त्यांनी उठून दार ढकललं. वाचन बंद पडलं. घोरणं चालू राहिलं.

नवरोबा तोंड उघडं टाकून झोपले होते. वर्तमानपत्राची घडीही मोडली नव्हती. खिडकीशी असलेली लाकडी खुर्ची बिछान्याकडे वळवून ठेवली होती, आणि तिच्या बैठकीवर त्यांचा चष्मा होता, काड्या उघडलेल्या. बिछाना ते खुर्ची सहा पावलं होती.

६

“घसा बसलाय गं,” संध्याकाळी नवरोबा म्हणाले. “दिवसभर बडबडल्यासारखा.”

बाई त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. हा माणूस गेले दोन दिवस जरा बारीक बोलत होता का? डोळे जरा फिके दिसत होते का? आधी त्यांना आतल्या आवाजाचा संशय येत होता. आता कुठून तरी तो संशय वळून बिछान्याकडे आला, आणि आला म्हणून बाईंना स्वतःची लाज वाटली.

“आपल्या त्या चौदा पानांची आठवण आहे ना?” त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“कुठली चौदा पानं?”

“पहिल्या वर्षीची. तुम्ही हसून हसून खाली बसलात ती.”

नवरोबा हसले. आपल्याला आठवत नाही हे समोरच्याला कळू नये म्हणून माणूस हसतो, तसं हसले. “हां हां, ती होय,” ते म्हणाले आणि त्यांनी भिंतीकडे मान वळवली.

गोळ्यांनी विसरायला होतं, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. बाईंनी रात्रभर तेवढ्यावर समाधान मानलं. शुक्रवारी सकाळी त्यांनी उशी सारखी केली आणि विचारलं, “आता नीट आहे ना?”

“बरोबर,” नवरोबा म्हणाले.

त्या चौदा पानांनंतर या घरात हा शब्द त्या माणसाच्या तोंडून असा कधी निघाला नव्हता.

त्या दुपारी त्यांनी टाइप केलेली पानं घेतली आणि निमूटपणे बाहेर बसल्या. कागद आत नेण्याचं नाटकही आता केलं नाही. सोळा, सतरा, अठरा. वाचन चालू, आणि त्याच्याखाली घोरणं चालू. एकविसाव्या पानाच्या शेवटी आवाज थांबला. नंतर जे आलं ते कुठल्याही पानावर नव्हतं.

“झालं, आलो एकदाचे टोकाला. आता मागच्यासारखी नुसती बरोबर टाकत सुटू नकोस हं. चौदा पानं निस्तरताना माझी बोटं झिजली होती.”

आणि तो हसला. खालून सुरू होऊन वर फुटणारं तेच हसू. बाईंना भीती वाटायला हवी होती, पण त्यांचे डोळे भरून आले. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांना आपल्या नवऱ्याचं बोलणं ऐकल्यासारखं वाटलं.

७

तीन वाजता सरांचा फोन आला. “समजा, मी चारच्या जरा आधीच आलो तर?”

“या,” बाई म्हणाल्या. शेवटचं पान तेवढं टाइप व्हायचं होतं.

त्यांनी ते घेतलं. सवयीचे हात होते, ते चालत राहिले. कंस उंच झाले, पादांक खाली उतरले. शेवटच्या ओळीसाठी समीकरणाची चौकट उघडली. तीन ठिपके, क्ष. पुढे सरांच्या मोत्यासारख्या अक्षरात दोन आडव्या रेघा होत्या, आणि त्यांच्यापलीकडे क्ष-शेपूट. बाईंचा हात तिथेच थबकला.

आत घोरणं चालू होतं. आवाज गप्प होता, पण तो होता. दाराआड कोणी श्वास रोखून उभं असलं की बाहेरच्याला कळतं, तसं ते बाईंना कळत होतं. तो ‘हं’ची वाट पाहत होता.

ही ओळ लिहिली की दोन्ही एकच. गणितात तो प्रश्नच येत नाही, असं सर म्हणाले होते. पण बाई गणितवाल्या नव्हत्या. आतल्या दोघांपैकी एक त्यांचा होता. मोडक्या खुब्याचा, चौदा पानं विसरलेला, सात वेळा हाडाबद्दल विचारणारा तो? की चौदा पानं आठवणारा, ज्याला बिछान्याची गरजच दिसत नव्हती तो? मूळ प्रत कुठली आणि नक्कल कुठली, हे हुडकण्यात जन्म गेलेल्या घरात ते त्यांना सांगता येत नव्हतं. आणि सांगता येत नसताना एकाला पुसून टाकायचं? चुकून आपलाच पुसला गेला तर?

“तीन ठिपके,” आतून हलकेच आवाज आला. “क्ष.” मग बराच वेळ काही नाही. मग, “बरोबर...”

बाईंनी चिन्हांची यादी उघडली. बरोबरवर तिरकी काट असलेलं चिन्ह निवडलं आणि मधे टाकलं. क्ष, काट मारलेलं बरोबर, क्ष-शेपूट. पडद्यावर ते स्वच्छ दिसत होतं. सरांची बावीस पानं या एका रेघेनं मातीमोल होणार, याची त्यांना तमा नव्हती. त्यांनी छपाईची कळ दाबली.

पान सरकत बाहेर आलं. काट नव्हती. नुसत्या दोन आडव्या रेघा.

असं पूर्वीही एकदोनदा झालं होतं. अक्षरसंच नीट नसला की छापताना काट गळून पडते. पण घोरणं थांबलं होतं. बाईंना आधी वाटलं, कूस बदलली असेल. मग त्या नळाचं ठिबकणं मोजू लागल्या आणि वीस झाले तरी आतून श्वासाचा एकही आवाज आला नाही. त्यांनी पुन्हा कळ दाबली. पुन्हा काट नाही. आतून काहीही नाही.

एकतीस वर्षांत बाईंनी अंतिम प्रतीवर पेन टेकवलं नव्हतं. आता त्यांनी टेबलाच्या खणाशी झटापट करून पेन काढलं आणि त्या दोन रेघांवर इतक्या जोरानं काट मारली की कागद फाटला.

आतून घरघर आली. मग ओठांची फुर्रर. बाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि त्या रडल्या.

८

मग त्या उठल्या. आपला माणूस जिवंत आहे हे त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं, बाकी कशाचं त्यांना सोयरसुतक नव्हतं. त्यांनी दार वीतभर उघडलं.

त्या फटीतून बिछान्याची पायथ्याकडची बाजू दिसत होती. पांघरुणाबाहेर आलेलं पाऊल, दुखऱ्या पायाचं. पलीकडे खिडकीशी खुर्चीचा एक हात दिसत होता. त्या हातावर एक कोपर टेकलेलं होतं, नवरोबांच्या निळ्या चौकटीच्या शर्टातलं, आणि कोपराच्या पुढे उजेडात एक कागद धरलेला. बाईंनी पापणी लवू दिली नाही. त्यांनी दार आणखी उघडलंही नाही.

बिछान्यावर हालचाल झाली.

“कोण आहे?” झोपेनं जड झालेल्या आवाजात नवरोबांनी विचारलं. त्यांचं पाऊल खिडकीकडे वळलं होतं. प्रश्न बाईंना नव्हता.

“मी,” खुर्चीतून त्यांच्याच आवाजात उत्तर आलं.

बिछान्यावरच्या माणसानं सुस्कारा सोडला. घरचं माणूस परत आल्यावर सोडतात तसा.

“हां, मग ठीक. वाच.”

बाईंना हाक मारायची होती. ‘अहो’ एवढंच त्यांच्या तोंडात आलं, आणि ते कोणाला म्हणायचं, हे न कळून तिथेच राहिलं. एकालाही गमावायचं नाही म्हणून त्यांनी काट मारली होती. आता दोघंही आत होते आणि दोघांनाही त्यांची गरज लागली नव्हती.

“पान एक,” आतून वाचन सुरू झालं. “समजा, तसे दोन आहेत.”

ओळ संपली आणि आतूनच ‘हं’ आलं. दुसरी ओळ झाली. पुन्हा ‘हं’ आलं. बाई दाराला कान लावून उभ्या होत्या, आणि कितीही बारीक ऐकलं तरी त्यांना सांगता येईना, वाचतंय ते बिछान्यावरून की खुर्चीतून.